इयत्तेचा जन्म आणि पालकांची शंका

शहरांतील ज्या शाळांत हल्लीं नव्या पद्धतीनें शिकविण्याचा प्रयत्न चालू आहे, त्यांच्या पालकसभांत एक तक्रार हटकून ऐकूं येते. एकाच वर्गांतील, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांना बाईंनीं निरनिराळीं गणितें कां दिलीं? एकाला गोष्ट वाचून तिचा सारांश लिहावयास सांगितला आणि दुसऱ्याला तीच गोष्ट चित्रांच्या आधारानें तोंडीं सांगावयास लावली, हा कोठला न्याय? फी तर दोघांकडूनहि सारखीच घेतली जाते. ज्याच्या मुलाला सोपें काम मिळालें त्याला वाटतें कीं, आपल्या मुलाच्या कपाळीं 'मंद' असा शिक्का बसला. ज्याच्या मुलाला अवघड मिळालें तो विचारतो कीं, हुशारीबद्दल ही शिक्षा कां? शिक्षणशास्त्रज्ञांनीं या पद्धतीला 'विभेदित अध्यापन' असें भारदस्त नांव दिलें आहे. त्यामुळें तर संशय अधिकच बळावतो. अर्थ मात्र साधा आहे. गांठावयाचें ठिकाण सर्वांचें एक, निघावयाचें ठिकाण ज्याचें त्याचें. आणि मूल जेथें उभें आहे तेथून त्याला पुढें न्यावयाचें, हें शिक्षकाचें काम.

या तक्रारीला उत्तर देणारे बहुधा मानसशास्त्राचा आधार घेतात. आम्ही इतिहासाचे अभ्यासक असल्यामुळें आमचें लक्ष तिच्या मुळाशीं असलेल्या एका गृहीताकडे जातें. एका वयाच्या पन्नास मुलांनीं एका खोलींत बसावें, एकाच घटकेला एकाच पुस्तकाचें एकच पान वाचावें, आणि वर्ष संपलें कीं सर्वांनीं एकदम पुढल्या खोलींत जावें, हाच शाळेचा सनातन धर्म होय असें आपण धरून चालतों. वस्तुतः ही व्यवस्था फार जुनी नाहीं. आपल्या देशांत तिचें वय दीडशें वर्षांहून फारसें अधिक भरणार नाहीं. आणि ती रुजली ती मुलाच्या मनाचा विचार करून नव्हे, तर बव्हंशीं हिशेबाच्या सोयीसाठीं.

पेशवाई बुडाली तेव्हां महाराष्ट्रांत ज्या शाळा होत्या त्या पंतोजींच्या. देवळाच्या ओवरींत, एखाद्या सावकाराच्या वाड्याच्या पडवींत, नाहीं तर पंतोजीच्याच घरीं पंधरावीस मुलें जमत. मुंबई इलाख्यांतील या शाळांविषयीं एल्फिन्स्टननें १८२४ मध्यें कलेक्टरांकडून माहिती मागविली. तीं कागदपत्रें पुढें रा. वि. परुळेकर यांनीं संपादून प्रसिद्ध केलीं. जिज्ञासूंनीं तीं अवश्य चाळावींत. या शाळांत आजच्या अर्थानें इयत्ता नव्हती. मुहूर्त पाहून मूल वाटेल त्या महिन्यांत शाळेंत येई आणि धुळाक्षरें गिरवूं लागे. हात बसला कीं बाराखडी, मग उजळणी आणि पाढे. पुढें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. मग मोडींत खरडे घोटणें, पत्रें, कर्जरोखे, जमाखर्च. एक मुलगा पाढे घोकीत असे, त्याच्या शेजारचा कर्जरोख्याची नक्कल उतरीत असे, आणि कोपऱ्यांतलें नवें पोर धुळींत 'श्री' काढीत असे. पंतोजी एकेकाला जवळ बोलावून त्याचा धडा घेई. बाकीच्यांची जबाबदारी थोरल्या मुलांवर.

बंगालमध्यें विल्यम ॲडम यानें १८३५ ते १८३८ या काळांत देशी शाळांची जी पाहणी केली ती या बाबतींत फार बोलकी आहे. त्यानें पाठशाळेंतील शिक्षणाचे चार टप्पे सांगितले, आणि मौज ही कीं, ते मूल कोणत्या वर्षांत आहे यावरून नव्हे, तर तें कशावर लिहितें यावरून ठरविलेले आहेत. पहिला टप्पा जमिनीवर काडीनें अक्षरें काढण्याचा. तो दहाएक दिवसांत संपे. दुसरा ताडपत्राचा, त्याला मुलाच्या कुवतीप्रमाणें अडीच वर्षांपासून चार वर्षांपर्यंत काळ लागे. तिसरा केळीच्या पानाचा, दोनतीन वर्षांचा. आणि शेवटीं कागद. अडीच ते चार! आजच्या शाळेंत या दीड वर्षाच्या फरकाला 'नापास' असें नांव मिळालें असतें, आणि त्या नांवाबरोबर घरांतल्या दोन दिवसांच्या रडारडीचा हक्कहि. त्या पाठशाळेंत त्याला कांहींच नांव नव्हतें; मूल अजून ताडपत्रावर आहे, एवढेंच.

म्हणून त्या शाळांचे गोडवे गावे असें मात्र नाहीं. बल्लारीचा कलेक्टर कँपबेल यानें १८२३ मध्यें मद्रास सरकारला पाठविलेल्या अहवालांत तेथील शाळांचें बारकाईनें वर्णन केलें आहे. सकाळीं जो मुलगा प्रथम येई त्याच्या तळहातावर मानाचें चिन्ह म्हणून सरस्वतीचें नांव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे स्तुतीहि नाहीं आणि निंदाहि नाहीं. तिसऱ्याला छडीचा एक हलका फटका, चौथ्याला दोन, आणि असेंच पुढें चढत्या क्रमानें. जुन्या गुरूंच्या मायेविषयीं गहिंवरून बोलणाऱ्यांनीं ही भूमितिश्रेढी नसली तरी गणितश्रेढी ध्यानांत ठेवावी. मुलें पद्यें पाठ म्हणत, पण त्यांचा अर्थ त्यांना समजत नसे, अशीहि त्याची तक्रार आहे. आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे मुली बहुतेक सर्वत्र या शाळांच्या बाहेर होत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना ओवरीची पायरी चढण्याचीहि सोय नव्हती. प्रत्येकाच्या पावलानें चालणारी ती शाळा फारच थोड्यांची होती.

तरीहि ज्ञानांत पुढें असलेल्या मुलानें मागच्याला शिकवावें, ही तेथील रीत कँपबेलला इतकी पसंत पडली कीं, इंग्लंडांत तिचें अनुकरण झालें तें योग्यच झालें, असें त्यानें लिहून ठेवलें. हें अनुकरण कसें झालें ही कथा मोठी गमतीची आहे. मद्रासजवळ एगमोर येथील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार १७८९ मध्यें अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आला. मलबारी मुलांच्या एका शाळेंत मुलें वाळू पसरून तीवर बोटानें अक्षरें काढीत आहेत, हें त्यानें पाहिलें आणि तीच रीत आपल्या शाळेंत आणावयाचें ठरविलें. पगारी शिक्षक दाद देईनात, तेव्हां त्यानें फ्रिस्केन नांवाच्या आठ वर्षांच्या एका मुलाकडे अक्षरांचा वर्ग सोंपविला. आणि पगारी शिक्षकांना जें जमलें नाहीं तें त्या पोरानें करून दाखविलें. बेलनें १७९७ मध्यें लंडनांत या प्रयोगाची हकीकत छापली. लवकरच जोसेफ लँकेस्टर यानें आपल्या शाळेंत अशीच व्यवस्था इतक्या मोठ्या प्रमाणावर केली कीं, शेंकडों मुलें एका दालनांत एका शिक्षकाच्या देखरेखीखालीं शिकूं लागलीं. त्याच्या शाळेंतील एक गोष्ट आजच्या पालकांनीं लक्षांत घ्यावी. तेथें वाचनाचे वर्ग वेगळे असत आणि अंकगणिताचे वेगळे. त्यामुळें एकच मुलगा वाचनांत वरच्या आणि गणितांत खालच्या वर्गांत बसूं शके, आणि तयारी झाली कीं वर्ष संपण्याची वाट न पाहतां पुढें सरके. पुढें मुंबईच्या शाळापुस्तकमंडळीनें हीच रीत तक्त्यांसकट आपल्या इलाख्यांत आणली. आपल्याच ओवरींतलें पोर विलायतेला जाऊन, कवाईत शिकून आणि अंगांत डगला चढवून परत आलें म्हणावयाचें!

मग इयत्ता आली कोठून? एका शिक्षकानें एका पुस्तकावरून सर्वांना एकदम शिकवावें ही कल्पना सतराव्या शतकांत कोमेनियसनें मांडली होती. अमेरिकेंत बोस्टनच्या क्विन्सी शाळेनें १८४७ च्या सुमारास प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शिक्षक देऊन तिला विटाचुन्याचें रूप दिलें. परंतु हिंदुस्थानापुरतें पाहावयाचें तर महत्त्वाची घटना १८६२ ची. त्या वर्षीं इंग्लंडांत रॉबर्ट लो याच्या खटपटीनें शाळांच्या अनुदानाचा नवा कायदेसंग्रह अमलांत आला. वाचन, लेखन आणि अंकगणित यांच्या सहा पायऱ्या ठरविल्या गेल्या. त्यांना 'स्टँडर्ड' असें नांव पडलें. मुलामागें शाळेला जास्तींत जास्त बारा शिलिंग मिळत. पैकीं चार हजेरीबद्दल आणि आठ परीक्षेबद्दल. इन्स्पेक्टर येऊन मुलाला तपाशी, आणि ज्या विषयांत तें नापास होई त्या प्रत्येकामागें दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. मुलाचें अज्ञान पेन्सांपर्यंत मोजण्याची ही करामत पाहून कवि मॅथ्यू अर्नोल्ड, जो स्वतः शाळांचा इन्स्पेक्टर होता, संतापला आणि त्यानें या पद्धतीमुळें शिक्षण यांत्रिक होत आहे असें वारंवार बजावलें. त्याचें म्हणणें पटण्यास सरकारला सुमारें तीस वर्षें लागलीं.

आपल्या इलाख्यांतहि १८६० नंतरच्या दशकांत निकालावर अनुदान देण्याचें तत्त्व आलें. मुंबईकर अद्यापि 'मुलगा कितव्या स्टँडर्डला?' असें विचारतो, तो शब्द याच काळाचा वारसा आहे. मराठींत त्यासाठीं आपण 'इयत्ता' हा संस्कृत शब्द घेतला. त्याचा मूळ अर्थ 'इतकेंपणा', म्हणजे माप. शब्द निवडणाऱ्यानें सत्य सांगून टाकलें आहे. मालाची प्रत ठरविल्याप्रमाणें मुलांचीं मापें ठरलीं. आणि एकदां मापें ठरलीं म्हणजे माप घेणाऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत सोयीचें काय, तर एका मापाचीं सर्व मुलें एका खोलींत. अशा व्यवस्थेंत शिक्षकाचें लक्ष कोठें राहणार? जें मूल कांहीं केलें तरी पास होणारच त्याच्यावर श्रम घेणें व्यर्थ; जें कांहीं केलें तरी होणार नाहीं त्याच्यावर घेणें तर अधिकच व्यर्थ. उरलीं तीं उंबरठ्यावरचीं.

या पद्धतीवर आपल्याकडे ज्यांनीं नेमकें बोट ठेवलें त्यांत जोतीराव फुले होते. १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें सादर केलेल्या निवेदनांत त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, ज्या गरीब लोकांत शिक्षणाची गोडीच अद्यापि उत्पन्न झालेली नाहीं त्यांच्यासाठीं निकालावर पैसे देण्याची रीत उपयोगाची नाहीं; अशा लोकांत शाळा काढून कोणाहि शिक्षकाचें पोट भरणार नाहीं. म्हणजे जें मूल मापापासून सर्वांत दूर उभें आहे त्याच्याकडे जाण्याचें शिक्षकाला कारणच उरत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. कमिशननें मात्र देशी प्राथमिक शाळांसाठीं हीच रीत सुचविली. कर्झनच्या राजवटींत, १९०४ च्या सरकारी ठरावानें, ती निघाली. पैसे गेले, इयत्ता राहिली.

इयत्तेची बाजूहि मांडली पाहिजे. पंधरावीस मुलांच्या ओवरीची रीत लाखों मुलांना पुरली नसती. शिवाय सर्वांना एकच पुस्तक आणि एकच परीक्षा हा सरकारी नियम जात पाहत नव्हता, निदान कागदावर तरी. ज्यांच्या पणज्यांना शाळेच्या दारांत उभें राहतां आलें नाहीं त्यांच्या दृष्टीनें 'सर्वांना सारखें' या दोन शब्दांना फार मोल आहे. अशा घरांतील पालक 'माझ्याच मुलाला वेगळें काम कां?' असें विचारतो, तेव्हां त्या प्रश्नामागें कित्येक पिढ्यांची आठवण असते. त्याला अडाणी समजून वाटेला लावणाऱ्या शिक्षकाला आपल्याच व्यवसायाचा इतिहास ठाऊक नाहीं, असें आम्ही म्हणूं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या सांच्याविरुद्ध बंडें झालीं. सॅन फ्रान्सिस्को येथील अध्यापक-विद्यालयाचे प्रमुख फ्रेडरिक बर्क यांनीं १९१३ मध्यें त्याला कैद्यांच्या पावलाला पाऊल लावून चालण्याची उपमा दिली. त्यांचे सहकारी कार्लटन वॉशबर्न १९१९ मध्यें शिकागोजवळील विनेटका गांवच्या शाळांचे अधिकारी झाले. तेथें वाचन-गणितांत प्रत्येक मूल आपल्या गतीनें जाई, आणि उरलेल्या वेळांत सर्व मुलें मिळून नाटक, चर्चा, हस्तकला करीत. हेलन पार्कहर्स्ट या बाईंना तरुणपणीं एका खेड्यांतील शाळेंत आठ इयत्तांचीं चाळीस मुलें एकटीनें सांभाळावीं लागलीं. त्या अडचणींतूनच त्यांची योजना निघाली, आणि १९२० मध्यें ती मॅसॅच्युसेट्समधील डाल्टन गांवीं अमलांत आल्यावर त्या गांवाच्या नांवानें जगभर गेली. रोममध्यें माँटेसरीबाईंनीं १९०७ सालींच तीन ते सहा वर्षांचीं मुलें एकत्र बसवून ज्याला जें साधन हवें तें निवडूं दिलें होतें. तो विचार आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं आणला; आणि ताराबाईंनीं तो शहरी बालमंदिरांत कोंडून ठेवला नाहीं, हें आम्हांला विशेष वाटतें. १९४५ मध्यें बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांसह त्यांनीं काम केलें. वारली मुलें गुरें राखावयास जातात म्हणून शाळेंत येत नाहींत, असें दिसतांच शाळाच कुरणांत नेली. मूल जेथें आहे तेथून आरंभ करावयाचा, हें तत्त्व इतक्या शब्दशः क्वचितच कोणीं पाळलें असेल.

परंतु याच काळांत आणखी एक प्रवाह निघाला, आणि पालकांची खरी भीति त्याच्यामुळें आहे. पॅरिसमध्यें आल्फ्रेड बिने यानें १९०५ मध्यें बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली, ती कोणत्या मुलाला अधिक साहाय्य हवें हें कळावें म्हणून. बुद्धि जन्मतः ठरलेली आणि अचल असते या मताला त्याचा कडकडीत विरोध होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याची श्रेणी अमेरिकेंत गेली. ल्यूइस टर्मन यानें १९१६ मध्यें तिला नवें रूप दिलें, आणि साहाय्यासाठीं केलेली मोजपट्टी निवाड्यासाठीं वापरली जाऊं लागली. १९२० च्या सुमारास डेट्रॉइटच्या शाळांनीं पहिलींतल्या मुलांचे एक्स, वाय, झेड असे गट पाडले. इंग्लंडांत १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षींच्या परीक्षेवरून मुलांच्या शाळाच वेगळ्या होऊं लागल्या. त्या परीक्षेंत चांगले गुण पडावेत म्हणून सातव्या-आठव्या वर्षापासूनच अ, ब, क असे वर्ग पाडीत. 'क' वर्गांत गेलेलें मूल बहुधा 'क' वर्गांतच राही. प्लाउडेन समितीनें १९६७ मध्यें प्राथमिक शाळांतील या वर्गवारीवर ठपका ठेवला.

तेव्हां आपल्या मुलावर शिक्का बसेल ही पालकांची धास्ती पोकळ नाहीं. पूर्वीं तसें घडलेलें आहे. आजचें विभेदित अध्यापन आणि ही वर्गवारी यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे खरें, पण तें नांवावरून कळत नाहीं. वर्गांत काय चालतें त्यावरूनच कळतें. चौथीच्या वर्गांत अपूर्णांक शिकवावयाचे आहेत असें समजूं. एका मुलाला अर्धें व पाव म्हणजे काय हें भाकरीचे तुकडे हातांत घेतल्यावांचून उमगत नाहीं. दुसऱ्याला चित्र पुरतें. तिसऱ्याच्या घरीं किराण्याचें दुकान आहे. पाऊण किलो साखरेचा भाव तो तोंडीं सांगतो. तिघांना फळ्यावर एकच उदाहरण घालून दिलें तर पहिला शेजाऱ्याची नक्कल करील आणि तिसरा खिडकीबाहेर पाहील. बाईंनीं तिघांना तीन कामें दिलीं आणि आठवड्याअखेर तिघांनाहि पाव अधिक अर्धें म्हणजे पाऊण हें कां, तें सांगतां आलें, तर तेथें भेद झाला तो वाटेंत झाला, मुक्कामांत नाहीं. आणि पुढच्या आठवड्यांत कविता आली कीं हाच पहिला मुलगा कदाचित् सर्वांच्या पुढें असेल. म्हणून पालकसभेंत 'माझ्या मुलाला सोपें काम कां?' यापेक्षां, हा गट शेवटचा केव्हां बदलला, कशावरून बदलला, आणि भाषेंत व गणितांत माझें मूल एकाच गटांत आहे काय, असें विचारावें. सहा महिन्यांत गट एकदांहि बदलला नसेल तर तेथें विभेदित अध्यापन नाहीं, डेट्रॉइटचें झेड आहे. आणि मग पालकांनीं खुशाल भांडावें.

आपल्या देशांत ही गोष्ट आतां केवळ हौशी शाळांची राहिलेली नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमानें प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून तदनुसार लागेल तें जादा अध्यापन करणें हें शिक्षकाचें कर्तव्य ठरविलें आहे. हें कलम किती पालकांनीं वाचलें असेल, देव जाणे! मुंबईच्या वस्त्यांत १९९० नंतरच्या दशकांत काम सुरू करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेनें तर याहून साधा मार्ग धरला: मुलाला अक्षर, शब्द, उतारा आणि गोष्ट यांपैकीं काय वाचतां येतें तें पाहावयाचें, दिवसांतला कांहीं वेळ इयत्ता विसरून त्याप्रमाणें मुलें बसवावयाचीं, आणि पुन्हां तपासून गट बदलावयाचे. तिचा आरंभींचा एक प्रयोग, ज्यांत मागें पडलेल्या मुलांना वस्तींतलीच एखादी तरुणी वेगळें शिकवी, मुंबई आणि बडोदें येथें २००१ ते २००३ या काळांत अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शास्त्रीय कसोटीवर पारखला. त्यांत लाभ झाला, आणि तो मागें असलेल्या मुलांना सर्वांत अधिक झाला.

एवढें असूनहि एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. साठ मुलांच्या वर्गांत, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतचीं सर्व सरकारी कामें ज्याच्या गळ्यांत पडतात त्या शिक्षकाकडून प्रत्येक मुलाच्या पावलानें चालण्याची अपेक्षा करणें म्हणजे त्याची थट्टा आहे. प्राथमिक शाळेंत तीस मुलांमागें एक शिक्षक हें प्रमाण त्याच कायद्यांत आहे. पालकांना भांडावयाचें असेल तर बाईंनीं तीन प्रकारचीं गणितें कां दिलीं यावर न भांडतां, तीं तयार करण्यास बाईंना वेळ किती मिळतो, यावर भांडावें.

उरला परीक्षेचा प्रश्न. काम वेगळें दिलें तरी वर्षाअखेरची प्रश्नपत्रिका एकच, मग हा खटाटोप कशाला, असें एका पालकांनीं आम्हांलाच विचारलें होतें. प्रश्नपत्रिका एकच असावी. त्यांत कांहीं वावगें नाहीं. परंतु २०१९ मध्यें शिक्षणहक्क कायद्यांत जी दुरुस्ती झाली ती त्यांनीं पाहावी. पांचवींत किंवा आठवींत जें मूल नापास होईल त्याला जादा अध्यापन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आंत पुन्हां परीक्षेला बसविलें पाहिजे. मगच तें मागें ठेवावें कीं काय याचा विचार करतां येतो. या दोन महिन्यांत त्या मुलाला काय शिकवावयाचें हें कायदा सांगत नाहीं. तें कोठें अडलें आहे हें वर्षभरांत कोणीं पाहिलें असेल, कोणा शिक्षकाच्या वहींत त्याची नोंद असेल, तर दोन महिने पुष्कळ आहेत. नोंद नसेल, तर वर्षभर ज्या पाठांतून त्याला कांहीं कळलें नाहीं तेच पाठ त्याच क्रमानें, थोड्या अधिक घाईनें, पुन्हां त्याच्या पुढें येतील.